काळा चहा

जिंतूर, ८ डिसेंबर १९८८

चि. पंचशीलास,
सगुणाआत्याचा सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद. इकडं सर्व ठीक, तिकडचं कळवत जा.

पाथरीच्या मंडळींनी तुला पसंत केलं. मुलगा एसटीत कंडक्टर हाय, म्हणजे माहेरी यायला तुझी जागा पक्की. काळा चहा पिणारी मडम त्यांना चालते का, एवढीच काळजी!

एक लय वाईट झालं. शेजारच्या गीताबाईची सखू कापूस वेचायला गेली, तिथं मुकादमानं तिला एकटीला गाठलं. पोरगी नासली. गीताबाई फौजदाराकडं जायचं म्हणते, पण सखू तोंड उघडत न्हाई. तू मात्र इकडं फिरकू नको. शाळेत असताना तुझ्यावर जे आलं ते गावात कुणाला ठाऊक न्हाई, तसंच राहू दे. नामांतराच्या मोर्चात घोषणा देतेस, तेवढं पुष्कळ.

तुझ्या वाटेकडं डोळे लावणारी,
सगुणाआत्या

परभणी, १९ डिसेंबर १९८८

प्रिय आत्या,
सविनय जयभीम.

तुला राग येईल, पण मी सखूकडे जाऊन आले. तुझ्या दारावरून गेले, आत आले नाही.

पोरगी नासली, असं तू लिहिलंस. माझ्या वेळीही तू आईला हेच सांगत होतीस, मी दाराआड होते. त्या दिवसापासून मला दुधाचा चहा पिववत नाही. तुम्ही मडम म्हणून हसलात, मीही हसले.

सखू तेच म्हणत होती, मी नासले. मग मी तिला माझं सगळं सांगितलं. म्हटलं, नासायला आपण काय दूध आहोत? केलं ते त्यानं. दुसऱ्या दिवशी तिनं फौजदारासमोर त्याचं नाव घेतलं. तोवर माझा पदर मुठीतून सोडला नाही. कोर्टाच्या तारखांनाही मी तिच्यासोबत जाणार. आता सगळ्यांना कळेलच, म्हणून पाथरीला माझं मीच लिहून टाकलं.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी पंचशीला

जिंतूर, ४ जानेवारी १९८९

चि. पंचशीलास,
जयभीम.

पाथरीहून नकार आला. चार दिवस मी तुझं नाव काढलं न्हाई. दारावरून जातीस आन् आत येत न्हाईस, त्याचा राग वेगळा.

काल नळावर सरजाबाई म्हणाली, गीताची पोरगी नासली, अन् तुमची म्हणे आधीच. माझी कळशी भरून वाहायली होती. मी तिला म्हटलं, दूध नासतं सरजे, आमच्या पोरींना पुन्हा तो शब्द लावलास तर याद राख.

तारखेला मीबी येते. सखू आत गेली की आपण दोघी व्हरांड्यात बसू. थर्मास घेते. तुझा चहा वेगळा आणू का, तेवढं कळव.

रागावले तरी तुझीच,
सगुणाआत्या