मामीचं स्टूल आणि पाच मजली केक

ती. मामांस,

भाच्याचा वाकून (अजून जेवढं वाकता येतं तेवढं) नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? दवाखान्यातून घरी सोडताना माझ्या गाडीनेच ती पुन्हा धरली, ही बोच मनात आहे. मामीच्या गुडघ्यांना मात्र आराम असल्याचं कळलं. तुम्ही तिला करून दिलेल्या स्टुलाची कीर्ती इथवर आली आहे. बसलं की अलगद खाली जातं आणि उठताना हात दिल्यासारखं वर उचलतं म्हणे. निवृत्त झाला तरी सुतार तो सुतारच.

गाडीचं झालं असं. महिन्यातून एका रविवारी मी ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो, हे तुम्हाला पसंत नाही आणि तसं तुम्ही तोंडावर सांगितलंही आहे. उरलेले दिवस तीच गाडी मला कामावर आणि हिचे केक गिऱ्हाइकांकडे पोचवते. ट्रॅकवर वळण घेताना ती इतकी कलायची की मीच दारातून सांडेन की काय असं वाटायचं. तिथले शिकवणारे गुरुजी म्हणाले, आधी टायर बदला, मग हात सुधारा, स्प्रिंगांचं नंतर बघू. मिस्त्री म्हणाला, रोजची गाडी आहे साहेब, चांगले शॉकअप टाका, स्प्रिंगा एक पायरी ताठ घ्या, त्यापुढे जाऊ नका. ही म्हणाली, काहीच करू नकोस. तीन शहाण्यांचा सल्ला मिळाल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. चौथ्याला विचारलं. (चौथा म्हणजे ऑफिसातला मित्र. त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्याचं वाचन दांडगं आहे.) त्याच्या सांगण्यावरून बाजारातला सगळ्यात ताठ संच बसवला. प्रत्येक शॉकअपला एक बटण आहे, फिरवलं की टकटक वाजतं. बत्तीस टकटकींत मऊ ते कडक, असं कागदावर छापलंय. प्रत्यक्षात कडक ते फार कडक. जुन्या चार स्प्रिंगा तुम्ही ‘भंगारात कशाला घालतोस’ म्हणत घेऊन गेलात आणि मीही मोठ्या मनाने दिल्या. जुने शॉकअप मात्र मिस्त्रीने माळ्यावर ठेवले. कशाला, विचारलं तर म्हणाला, असू देत, लागतील. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, हे मला उशिरा कळलं.

आता चाकाखालून आगकाडी गेली तरी ती ओली होती की कोरडी हे मणक्याला समजतं. शेजारचे दंतवैद्य रोज माझ्याबरोबर यायचे. आठवड्याभरात ते चालत जाऊ लागले, पण जाताना आपली दहा कार्डं गाडीत ठेवून गेले. बसणाऱ्यांना देत जा म्हणाले.

हे सगळं मी सोसलं. केकने सोसलं नाही. परवाच्या शनिवारी तीन मजली केक घेऊन निघालो. गोगलगायीलाही वाट देत होतो, तरी दुसऱ्या गतिरोधकावर वरचा मजला मधल्यात उतरला आणि चौथ्यावर दोघंही तळमजल्यावर राहायला गेले. हिने गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या उभ्या सुरीने सगळं सारखं केलं, वर साखरेची फुलं खोचली आणि ‘बाग’ म्हणून तो केक आत दिला. गिऱ्हाईक खूष झालं. ही झाली नाही. येत्या शनिवारी एका मोठ्या हॉलचा पाच मजली केक आहे, आणि तो धड पोचला तर त्या हॉलची वर्षभराची कामं हिला मिळणार आहेत. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “शनिवारपर्यंत गाडी माणसात आण, नाहीतर मी दुसरी बघते. ड्रायव्हरसकट.”

असो. कंबरेला जपा, मामीला नमस्कार सांगा. इकडे बाकी सर्व ठीक.

तुमचा (स्प्रिंगांचा विषय सोडून) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. मामीच्या स्टुलाला खाली ज्या चार स्प्रिंगा आहेत, त्या माझ्याच ना? तशा नव्या मागवायला महिना लागतो. गुरुवारी येतो. बदल्यात मामीसाठी चार ताठ स्प्रिंगा आणतो, अगदी कोऱ्या आहेत.

दुसरा ता. क. काल रविवारी हिचा राग जावा म्हणून तिला ट्रॅकवर नेलं आणि एक फेरी मारू दिली. त्याच गाडीत, त्याच स्प्रिंगांवर, माझ्यापेक्षा चार सेकंद कमी. गुरुजी म्हणाले, बाई वळणात गाडी अशी नेतात, जणू मागे काही नाजूक ठेवलंय. हे मामीला सांगू नका.

मामा, तुमच्या भाचेसुनेचा नमस्कार. सोमवारी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. आणि चार नव्हे, सहा सेकंद. स्टूल मोडू नका, मामींना सुखाने बसू द्या. मिस्त्रीला भंगारातल्या तसल्याच गाडीच्या चार स्प्रिंगा मिळाल्या. माळ्यावरच्या शॉकअपसकट काल दुपारी हा कामावर असताना बसवून घेतल्या. संध्याकाळी ह्याने गाडी चालवली. उतरल्यावर मला म्हणाला, “बघ, ताठ संच मुरायला वेळ लागतो. मामांना उगाच पत्र लिहिलं.”