राजूरचं लाल कापड

गुरुजी, आज सकाळी शेडमध्ये एका कुत्रीच्या गळ्यात पट्टा अडकवताना वाटलं, तुम्ही मागं उभे आहात आणि आता म्हणाल, "ओढून पाहा रे." तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्या सवयी इथंच राहतात, हे तुम्ही वर्गात शिकवलं नव्हतं.

आपल्या भूतदया मंडळाचं बरं चाललंय. बाजारतळाच्या मागं पत्र्याचं शेड झालंय. नसबंदीसाठी जालन्याहून डॉक्टर येतात आणि खरुजेला तुमचं करंजतेल-गंधक लावलं असं सांगितलं, की मला हसतात. मटणवाले चाचा थकलेत, पण कुत्र्यांसाठी दुपारची हाडांची पाटी अजून पाठवतात. लसूणही न खाणारा संस्कृतचा मास्तर अध्यक्ष आणि मटणवाला उपाध्यक्ष, असं भूतदया मंडळ साऱ्या जिल्ह्यात दुसरं नसेल. चाचा तुम्हाला रस्त्यात अडवून म्हणायचे, "गुरुजी, तुमचे पाहुणे जेवून गेले बरं का. बकरा माझा, पुण्य तुमचं. बराबर हाय का न्हाई?" तुम्ही म्हणायचात, "निम्मं तू घे. पण हाडं बारीक करून टाकत जा."

मी शाळेत तुमच्या हाताखाली लागलो त्या वर्षी गावात पिसाळलेलं कुत्रं एका बैलाला चावलं. ग्रामपंचायतीनं ठरवलं, मोकाट कुत्र्यांना विषाच्या भाकरी टाकायच्या. तुम्ही मला घेऊन सरपंचांकडं गेलात. तेही तुमचेच विद्यार्थी, संस्कृतात नापास झालेले. ते म्हणाले, "गुरुजी, गावभर हिंडून राह्यलेत. मालक कोण ह्यांचा?"

"मी."

"समद्यांचा?"

"समद्यांचा. तुला न्हाई का सांभाळलं आठवीत तीन वर्षं?"

सरपंच हसले आणि तिथंच तह झाला. ज्या कुत्र्याला दवाखान्यातली सुई टोचली असेल त्याच्या गळ्यात खूण बांधायची. खूण असेल त्याला कुणी भाकरी टाकायची नाही. नसेल त्याची हमी नाही. आपण चामडी पट्टे बांधले. आठ दिवसांत ते गावच्या शेळ्यांच्या गळ्यात दिसू लागले. तेव्हा तुम्ही राजूरला जाऊन पुजाऱ्याकडून गणपतीला वाहिलेल्या लाल कापडांचं गाठोडंच आणलंत. माझा चेहरा पाहून म्हणालात, "अरे पंडिता, देवाच्या कापडाला गावातला एकही चोर हात लावणार न्हाई." हिशेब अचूक होता. चोरांनी खरंच हात लावला नाही.

लंगडी तुम्हाला आठवत असेलच. उजवा मागचा पाय उचलून चालायची आणि तुमच्या तासाला दाराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसायची. मुलं शब्दरूपं घोकू लागली की तिचे कान हलायचे. "वर्गात लक्ष एकटीचंच हाय," असं तुम्ही म्हणायचात, आणि मी, नवा मास्तर, त्यात मलाही धरलंय का या विचारात पडायचो.

त्या दिवशी चतुर्थी होती. आंघोळ करून, हातात जास्वंदीची फुलं घेऊन मी घराकडं निघालोय, आणि लंगडी गटारातून उठून शेपटी हलवत समोर येतेय. गळ्यातलं कापड चिखलानं काळं झालेलं. गणपतीचं वस्त्र आणि गटार! मी तेवीस वर्षांचा होतो, शुचिर्भूत होतो आणि पोटात अन्न नव्हतं. अशा माणसाइतकं निर्दय कोणी नसतं. मी फुलं ओट्यावर ठेवली आणि तिच्या गळ्यातलं कापड सोडलं. ती बिचारी मान वाकडी करून उभी राहिली, मला सोपं जावं म्हणून. घरी नेऊन कापड धुतलं, दोरीवर वाळत घातलं. पूजा उरकून तिला एखादी साधी चिंधी बांधू, असं मनात होतं. मग मी पुन्हा आंघोळ केली आणि एकवीस आवर्तनांना बसलो. एकवीस. अकरावर उठलो असतो, तरी पोचलो असतो.

मी चिंधी घेऊन आलो तेव्हा ती शाळेच्या पायऱ्यांशी पडली होती. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात, धोतराला फेस लागलेला. पंचायतीचा माणूस बाजूला उभा राहून रडवेला होऊन सांगत होता, "गुरुजी, आईची आण, गळ्यात काहीच नव्हतं. असतं तर टाकली असती का मी भाकर?"

"तुझी चूक न्हाई रे," तुम्ही म्हणालात. "गाठ मीच सैल मारली. सुटून पडली असंल कुठं तरी." मग आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिलेत. चाचा हळूच म्हणाले, "जाने दो गुरुजी, हात सबके बूढे होते." मी चिंधी खिशात कोंबली. तेव्हा बोलायला हवं होतं. रूपं, धातू, समास, सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाला एक वाक्य जमलं नाही.

त्यानंतर किती वर्षं तुम्ही गाठीवर गाठ आणि तिच्यावर तिसरी गाठ मारत होतात! तरी विश्वास बसायचा नाही. मला हाक मारायची, "ओढून पाहा रे. पक्की हाय का?" मी ओढायचो आणि म्हणायचो, "पक्की हाय, गुरुजी." शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही तुमची बोटं गोधडीच्या टोकाला गाठी मारत होती. तेव्हाही मी ओढून पाहिलं आणि पक्की हाय म्हणालो. दुसरं काही म्हणालो नाही.

आता नायलॉनचे पट्टे आलेत. चाप बसला की टक्‌ आवाज होतो, गाठीचं कामच उरलं नाही. ते लाल कापड माझ्याकडंच आहे, तुम्ही दिलेल्या संस्कृत शब्दकोशात घडी घालून ठेवलंय. हे पत्रही तिथंच जाईल. लिहायला घेताना वाटलं होतं की माफी मागावी, पण तुम्ही ती लगेच दिली असतीत, आणि मग मला ती घ्यावी लागली असती. म्हणून फक्त एवढंच. तुमची गाठ सैल नव्हती, गुरुजी. बोटांनी ती सुटलीच नाही. सोडवायला मला दात लावावे लागले होते.