डाग सारखेच आहेत ना?

प्रिय आई,

धाकटीचा नमस्कार. मी खाऊनपिऊन ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलंय.

संत्र्याच्या पानांवर गंजासारखे डाग पाडणारा एक विषाणू आम्ही तपासतोय. तो कोळ्यामुळे पसरतो. जाळं विणणारा कोळी नव्हे गं, पानावरची डोळ्यांना न दिसणारी कीड. मी या विषाणूचा जीनोम अक्षर न् अक्षर वाचून काढला. असेच डाग पाडणाऱ्या जुन्या विषाणूशी तो जुळतच नाही, ही प्रजातीच नवी आहे.

आणि साहेब म्हणतात, "डाग सारखेच आहेत ना? मग घाला जुन्याच नावाखाली!"

डागांवरूनच ठरवायचं होतं, तर मी डोळे कशाला फोडून घेतले? मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आम्ही जुळ्या बहिणी. दिसतो सारख्या, म्हणून एकीच्या तापाचं औषध दुसरीला पाजायचं का?"

तर म्हणाले, "अहो बाई, अशा सारख्या जुळ्यांचा जीनोम एकच असतो." सगळे खो खो हसले. ते खरं होतं, म्हणून तर जास्तच आग झाली.

अहवालात मी नवी प्रजाती असंच लिहिणार. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, तू काळजी करू नकोस. गुडघा कसा आहे? थोरलीने डॉक्टरांना दाखवला का?

तू तर आम्हाला पाठमोरंसुद्धा ओळखायचीस, कधी चुकली नाहीस. मग रविवारी फोनवर मला दोनदा थोरलीच्या नावाने हाक का मारलीस? तेव्हा मी गप्प बसले. पुन्हा मारलीस तर बसणार नाही.

तुझी,
धाकटी. थोरली नव्हे.