डावीकडची सीट

नवनगर, हुबळी
सोमवार, १९ मे २०२५

सौ. श्यामलास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की फोन तू घेत नाहीस. मी केला की रामचंद्र उचलतो आणि "अक्का पूजेला बसलीय" म्हणतो. भर दुपारी कसली पूजा? तुझ्या भावाला खोटं काही नीट जमत नाही. पण त्याला दोष देत नाही, तू सांगितलंस तेच तो बोलतोय. पाकीट डिंकाने नीट चिकटवलंय आणि वर फक्त तुझं नाव घातलंय. एकटीच वाच. बेळगावचं पोस्ट वेळेवर पोचवेल अशी आशा आहे.

इकडे सगळं ठीक. लक्कव्वा दोन्ही वेळा भांड्यांना येते. तू फोडून ठेवलेल्या कैऱ्यांना तिनेच मीठ-हळद लावून बरणी भरली. उन्हात ठेवायचं आणि आत घ्यायचं काम माझ्याकडे. मोगऱ्याला पाणी घालतो. जेवणाचं म्हणशील तर सकाळी पोह्यांची अवलक्की आणि संध्याकाळी तीच अवलक्की, फोडणी तेवढी जास्त करपलेली. लक्कव्वा रोज विचारते, "अक्कार यावाग बरतारी?" बाई कधी येणार. मी सांगतो, भावाकडे गेल्यात, येतील. ती हातातलं भांडं तसंच धरून माझ्याकडे बघत राहते.

आता गाडीचं. तुला गाडीचं नावही नको झालं असेल, पण मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

गोकुळ रोडच्या त्या शोरूमवाल्यांनी आपल्या गाडीची आतून दैना केली, यात काडीचीही शंका नाही. एसी गरम वारा फेकतो म्हणून गाडी दिली, तर कॉइल बदलायची म्हणून त्यांनी अख्खा डॅशबोर्ड उपसला. परत बसवताना मधोमध हा एवढा ओरखडा. छताच्या पांढऱ्या कापडावर काळ्या बोटांचे ठसे, जणू कुणी वर चढून झोपलं होतं. समोरचा कप्पा लागेना. दाबला की पुन्हा तोंड वासतो. काही क्लिपा मोडल्या त्या न सांगता आतच टाकून दिल्या, वळण आलं की खडखडतात. आणि सीटवरचं प्लास्टिक! नवी गाडी दारात आली त्या दिवसापासून मी जिवापाड जपलेलं. पुढच्या दोन्ही सीटांवरचं ओरबाडून काढलं आणि कचऱ्यात घातलं. उभं आयुष्य ऑडिट खात्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलेला माणूस मी. माझं डोकं फिरणारच.

वादिराजने, म्हणजे त्या सर्व्हिस ॲडव्हायझरने, यातलं काहीही नाकारलं नाही. "सर, तप्पागेद," चूक झाली, म्हणाला. डॅशबोर्ड नवा घालतो, छताचं कापड बदलतो म्हणाला. चहा मागवला. खरं म्हणजे तिथेच सगळं मिटत होतं. डावीकडच्या सीटवर तो डाग नसता तर मिटलंही असतं.

त्या दिवशी तिथे गोंगाट फार होता. मागे कॉम्प्रेसर चालू होता, कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तू काय म्हणालीस ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं.

इथवर लिहून मी उठलो होतो. बरणी आत आणली, पुन्हा बसलो. वरचं वाक्य खोडावं असं वाटलं. पण राहू दे, मी कसा आहे ते तुला कळेल. ते खोटं आहे, श्यामला. मला ऐकू आलं होतं.

सगळं तुझ्या डोळ्यांदेखतच झालंय, तरी मी पुन्हा लिहितो. मी ते कधीतरी माझ्या हाताने लिहिलं पाहिजे.

गाडी घेऊन घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला तुझ्या सीटवर तो डाग दिसला. मी लगेच फोटो काढले आणि तुला म्हणालो, चल माझ्याबरोबर. तू म्हणालीस, "अहो, राहू द्या ना. मी धुते." मी म्हणालो, तू का धुवायचं? त्यांनी घाण केली, ते धुतील. प्लास्टिक धड होतं याची तू साक्षीदार आहेस, तुला यायलाच पाहिजे. तू तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होतीस. एवढं मला आज आठवतं, तेव्हा दिसलं कसं नाही?

तिथे पोचल्यावर वादिराज म्हणाला, बाकी सगळं मान्य, पण हा डाग आमच्याकडचा नाही सर. मग मी यल्लाप्पाला बोलावायला लावलं, गाड्या पुसणारा तो वयस्क माणूस. बिचारा ओल्या हातांनी आला आणि म्हणाला, सिद्धारूढ अज्जांची आण, मी त्या सीटवर पाण्याचा थेंब सांडला नाही. मी त्याला खोटारडा म्हणालो. आसपासचे कामगार जमले, चहा पीत बसलेली दोन-चार गिऱ्हाइकंही उठून आली. मला तर तेच हवं होतं. तू मागून माझी बाही ओढलीस. मी हात झटकला. आणि दार सताड उघडून सगळ्यांना म्हणालो, "वास घेऊन बघा! हे काय नुसतं पाणी आहे?"

श्यामला, हे वाक्य लिहिताना माझे कान तापलेत. तू चार पावलांवर उभी होतीस आणि मी लोकांना बोलावून बोलावून वास घ्यायला लावत होतो.

वादिराज वाकला. सरळ झाला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तुझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "बिडरी सर," जाऊ द्या, तो अगदी हळू म्हणाला, "सीटचं कव्हर आम्ही बदलून देतो. एवढं नका ताणू." पोराएवढ्या मुलाला जे समजलं ते मला समजायला नको? पण मला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं. मी म्हणालो, कव्हर नको, हे यल्लाप्पाने केलं असं लिहून दे. यल्लाप्पाचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा तू पुढे आलीस आणि त्याला कळावं म्हणून कानडीत बोललीस. "तम्मा, निंदेनू तप्पिल्ला." बाबा, तुझी काही चूक नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ते माझ्याकडून झालंय. काल येताना."

आणि मी हसलो. हसून वादिराजला म्हणालो, "हिचं मनावर घेऊ नका. वय झालं, हल्ली काहीही बोलते, हिला काही आठवत नाही."

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. मला आधी कळलं, मग मी ते बोललो. तुझं वाक्य संपलं त्याच क्षणी मला सगळं लख्ख कळलं होतं. तरी जमलेल्या लोकांसमोर आपण मूर्ख ठरू नये म्हणून मी तुला वेडी ठरवलं. इतक्या वर्षांचा आपला संसार. तुला सगळ्या गावाचे वाढदिवस पाठ, माझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ, आणि मी म्हणालो हिला काही आठवत नाही. तू पर्स उचललीस, फाटकाबाहेर जाऊन रिक्षा केलीस. मी तरीही मागे आलो नाही. चहा प्यालो. घरी आलो तेव्हा किल्ली शेजारी रूपाकडे होती आणि तू बेळगावच्या बसमध्ये.

तेव्हापासून एकेक गोष्ट आठवत बसलोय. सीटवरच्या प्लास्टिकने पाठ भिजते, पाय चिकटतात म्हणून दर उन्हाळ्यात तू कुरकुर करायचीस. आणि या होळीच्या सुमारास मीच उदार होऊन म्हणालो, काढूया का आता, तर तू घाईघाईने म्हणालीस, "नको, राहू दे." मला केवढा आनंद झाला! अखेर हिला माझं पटलं, असं मी रामचंद्रलाही फोनवर ऐकवलं. का पटलं, हे विचारलं नाही. बाहेर निघायच्या आधी तू पाणी पिणं सोडलंस. धारवाडला गाण्याच्या बैठकीला यायचं बंद केलंस, मी तुला घरकोंबडी म्हणून चिडवलं. देशपांडे नगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय म्हणालीस, तर मीच विचारलं, गुडघा का? तू जरा थांबून "हो" म्हणालीस. मी म्हणालो, गुडघ्याला तेल चोळ, डॉक्टर कशाला. तू मला आणखी कुठल्या भाषेत सांगायचं होतंस?

शनिवारी मी शोरूममध्ये गेलो होतो. रागावू नकोस, तुझ्याविषयी अक्षर जास्त बोललो नाही. त्या दिवशी होते तेवढे लोक गोळा होईपर्यंत थांबलो आणि वादिराजला म्हणालो, "माझी बायको त्या दिवशी खरं बोलली. तिला सगळं नीट आठवतं. खोटं मी बोललो." मला वाटलं होतं, तो चकित होईल. तो म्हणाला, "गोत्तैतरी सर," ठाऊक आहे. "आम्हाला सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं. यल्लाप्पाला कुणी एका शब्दाने बोललं नाही." म्हणजे तुझी लाज त्या परक्या माणसांनी राखली. ज्यांच्या नावाने मी घसा फोडत होतो त्यांनी. ती काढणारा तिथे एकटा मीच होतो.

यल्लाप्पाची हात जोडून माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं, ओले हात शर्टाला पुसत राहिला. मग विचारलं, "अक्कार हेंगदाररी?" कशा आहेत. बरी आहे, म्हणालो मी. मला तरी कुठे ठाऊक आहे?

गाडी तशीच परत आणली आहे. डॅशबोर्डचा ओरखडा, छतावरचे ठसे, सगळं आहे तसं. चूक त्यांचीच आहे आणि ते दुरुस्त करून देणारही आहेत, पण सध्या भांडायला माझ्याकडे तोंड नाही. सीट मी घरीच साबणाने धुतली आणि उन्हात वाळवली. मागच्या सीटचं प्लास्टिक आहे. ते ठेवायचं की काढायचं, पुढच्या सीटवर काय घालायचं, हे सगळं तू सांगशील तसं. माझं मत नको. डॉक्टरीणबाईंची वेळ मी परस्पर घेतलेली नाही. तुला जायचं असेल तर सोडीन, आत यायला सांगशील तर येईन, नाहीतर बाहेर बाकावर बसेन.

अजून एक राहिलंय. मी ते टाळून टाळून इथपर्यंत आलो.

गोकुळ रोडहून गाडी घेऊन आपण परत येत होतो. उणकलच्या तळ्यापाशी गाड्या तुंबल्या होत्या. डॅशबोर्डमधून आवाज येत होता आणि मी तुला म्हणालो होतो, तो कप्पा दाबून धर, बघू खडखड थांबते का. तू दोन्ही हातांनी तो दाबून धरला होतास. तसाच धरून तू म्हणालीस, "अहो, जरा कुठेतरी थांबवता का?" मी म्हणालो, श्श, आवाज ऐकू दे. थोड्या वेळाने तू पुन्हा म्हणालीस. हॉटेल समोर दिसत होतं. मी म्हणालो, आता काय थांबायचं, घर आलंच की.

तू तो कप्पा मात्र घरापर्यंत दाबून धरलास.

तू ये असं लिहायचा मला अधिकार नाही. तू सांगितल्याशिवाय मी बेळगावला येऊन रामचंद्रच्या दारात उभा राहणार नाही. पण कधी बोलावलंस तर गाडी घेऊन येईन. सावकाश येऊ. कित्तूरला थांबू, त्याच्या अलीकडे थांबू, पलीकडे थांबू. तू म्हणशील तिथे थांबवीन. कशाला, म्हणून विचारणार नाही.

पत्राच्या शेवटी पुन्हा आशीर्वाद लिहायचे असतात. मी नेहमी लिहीत आलो. वर सवयीने लिहून गेलोय, तेवढे परत घेतो. आशीर्वाद द्यावा असं माझ्याकडे आज काही नाही.

तुला नमस्कार करतो.

मुकुंद