जंगलातल्या कॅमेऱ्यासमोर

१२ जानेवारी, युट्रेख्ट, नेदरलँड्स

गव्यांना कसं कळतं गं, देश कुठे संपला ते? — आईने फोनवर विचारलं. मी घरातली पहिली पदवीधर, वर जंगलांच्या अभ्यासात मास्टर्स करतेय, म्हणून प्रश्न मला. बियालोव्हेझा म्हणजे हजारो वर्षं जुनं, आता राखीव जंगल, थोडं पोलंडमध्ये, बाकीचं बेलारूसमध्ये. मधे उंच पोलादी कुंपण, बेलारूसकडून लपूनछपून येणाऱ्या निर्वासितांना अडवायला पोलंडने घातलेलं. गवे, म्हणजे तिथले बायसन, कुंपणापर्यंत येतात, उभे राहतात, परत फिरतात. याला कळणं म्हणायचं का?

आई म्हणाली, "बरं जाऊ दे, कानटोपी घालतेस ना?"

१४ जानेवारी

दिवसभर फोटो. पोलंडच्या बाजूला झाडांवर आमचे कॅमेरे आहेत. समोर काही हललं की फोटो लगेच इथे येतो. मी नाव द्यायचं — गवा, लांडगा, रानडुक्कर. माणूस दिसला तर लगेच पुसायचं, असा नियम.

१५ जानेवारी

आज चुकले. झाडाखालच्या काळ्या ढिगाला 'रानडुक्कर' म्हणून पुढे गेले. पुढच्या फोटोत तो ढीग पायमोजा पिळत होता!

बाई आहे. माझ्याच वयाची असेल. एक पाय अनवाणी.

माझ्या प्रोफेसर मार्लूसला दाखवलं. तिने फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "आपण तिथे पाहुणे आहोत. कुणाला कळवलं तर कॅमेऱ्यांची परवानगी जाईल. सगळंच काम बंद पडेल. पुसून टाक." डोळे भरले होते तिचे. वाईट नाही ती.

मी हो म्हटलं. पुसलं नाही.

१६ जानेवारी, सकाळ

तीच बाई, त्याच झाडाखाली. आता आडवी. हात हललाय म्हणूनच फोटो आला. तिथे उणे नऊ आहे.

माझ्यासोबत राहणारी मृण्मयी सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाली, "तुझा प्रबंध या कॅमेऱ्यांवर, इथे राहायचं परमिट त्या कोर्सवर. आधी डिग्री घे बाई, मग जग वाचव."

"जग नाही गं. एक बाई."

"तेच ते!"

ऑफिसला पोचल्यावर तिनेच नंबर शोधून पाठवला — सूप आणि कोरडे कपडे घेऊन त्या जंगलात जाणाऱ्या स्वयंसेवकांचा. खाली लिहिलंय, 'माझं नाव घेऊ नकोस हां.'

बाबांनी शिलाईच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय — पोरगी जूनमध्ये मास्टर होणार! माप घेतानासुद्धा सांगतात.

१६ जानेवारी, तासाभराने

प्रकल्प सोडतेय असं मार्लूसला लिहून पाठवलं. म्हणजे उद्या बोट माझ्याकडे दाखवता येईल, कॅमेऱ्यांकडे नाही. मग नंबर फिरवला आणि ते झाड कुठे आहे ते सांगितलं.