रविवारी लांब न्यायची गाडी

स्कोफिल्ड्स, सिडनी
१४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आईंना मयूराचा साष्टांग नमस्कार.

एरवी व्हिडिओ कॉलवर बोलणारी सून एकदम कागदावर कशी उतरली, असं वाटेल तुम्हाला. माझी मैत्रीण तेजश्री मंगळवारी पुण्याला निघतेय. तिच्याबरोबर तुमचे गुडघ्याचे पट्टे आणि रुचाची चित्रं पाठवतेय, त्यातच हे पत्र. कॉलवर निनाद शेजारी बसलेला असतो, म्हणूनही लिहितेय.

इकडची थंडी ओसरली. रुचाची उंची वाढलीय, सगळे युनिफॉर्म तोकडे झालेत. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. बाकी ठीक.

परवा तुम्ही विचारलंत, "मयूरा, तुला तर पेट्रोलची गाडी आवडली होती ना? मग डिझेलची का घेतलीत?" निनादने विषय बदलला. त्याचं उत्तर द्यायचं आहे.

शेवटी दोनच गाड्या उरल्या होत्या. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही सेडान. पेट्रोलची केलीव्हिलला एका आजींकडे होती. नवऱ्याला नीट दिसेनासं झालं म्हणून विकत होत्या. गाडी शांत, आटोपशीर. माझं जाणं-येणं असतं किती? शाळा, स्टेशन, किराणा. डिझेलची जरा जुनी, पण दणकट. डिक्की मोठी, मागे पाय पसरायला ऐसपैस जागा. तिचा मालक सरळ माणूस होता. म्हणाला, "मेट, गावातल्या गावात फिरवणार असाल तर ही घेऊ नका. हिच्या सायलेन्सरजवळ एक फिल्टर असतो, त्यात काजळी साठते. हायवेवर लांब पळवली तरच ती जळते. नाहीतर तुंबते."

परत येताना मी म्हटलं, पेट्रोलचीच घेऊ.

"आईचे गुडघे त्या मागच्या सीटवर मावणार नाहीत," निनाद म्हणाला.

"आई तीन महिने असणार. नंतर रोज मीच चालवणार आहे."

"ती आली की आपण सगळे एकत्र फिरणार, मयूरा. तसं दिसायला तरी हवं ना?"

एवढं लिहून मी उठले, चहा केला, आणि तो न पिताच परत बसले.

डिझेलची घेतली. हार घातलेल्या गाडीपुढचा आमचा फोटो बघून तुम्ही म्हणालात, "छान शोभताय तिघं."

पुढे त्या माणसाने सांगितलं तेच झालं. शाळेच्या फेऱ्यांनी थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आणि एका सकाळी ऐन चढावर गाडीचा जोरच गेला. मागे रांग, हॉर्न, रुचा रडायच्या बेतात. गॅरेजवाल्या पाजींनी सांगितलं, "भाभीजी, हर संडे लाँग ड्राइव्ह पे ले जाओ, फॅमिली के साथ. गाडी भी खुश, आप भी खुश." मला हायवेवर चालवायची धास्ती, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे निनादने चालवायचं. रुचाला घरी एकटी ठेवता येत नाही, आणि निनादबरोबर एकटी जायला ती तयार नसते. म्हणजे मीही.

म्हणून दर रविवारी ब्लू माउंटन्स. तुम्ही ते फोटो भिशीत सगळ्यांना दाखवता. 'लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघं फिरायला जातात.'

आई, आम्ही फिरायला जात नाही. काजळी जाळायला जातो.

मागच्या वर्षी पुण्यात पावसाळा होता तेव्हापासून निनाद आणि मी वेगळे झालोय. घर एकच. तो खालच्या खोलीत झोपतो, मी आणि रुचा वर. इथे दुसरं घर करणं दोघांनाही झेपत नाही. भांडणतंटा नाही, तिसरं कुणी नाही. बोलणं आटत गेलं आणि आम्ही बघत राहिलो. सांगणारच होतो, तोच अण्णा गेले. निनाद म्हणाला, "वर्षश्राद्धापर्यंत आईला कळू देऊ नकोस." मी हो म्हटलं. वर्षश्राद्ध होऊन गेलं, तरी दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही.

आठवडाभर आम्ही एकमेकांना चुकवतो. तो किचनमध्ये असला की मी वर थांबते. रविवारी मात्र काचा लावून शेजारी शेजारी. एकदा मला गुदमरल्यासारखं झालं. म्हटलं, थांबव. तो म्हणाला, "आत्ता थांबलो तर सगळं वाया. दिवा गेला नाहीये अजून." माझ्याकडे न बघता, तसाच चालवत राहिला.

गेल्या रविवारी रुचा मागून म्हणाली, "डू वी हॅव टू प्रिटेंड इन द कार टू?" गाडीतसुद्धा नाटक करायचं का? आजीच्या कॉलवर बाबा खाली झोपतो हे बोलायचं नाही, असं आम्हीच तिला शिकवलं होतं.

निनादने पुढचा एक्झिट घेतला आणि एका पेट्रोल पंपामागे गाडी लावली. इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तूच सांग आईला. माझ्याच्यानं व्हायचं नाही." आणि रडायला लागला. रुचाने बेल्ट सोडून मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मलाही ठेवावासा वाटला, पण हात उचलला नाही.

तर सांगितलं. सांगून काही सुटलं आहे असं नाही. घर तेच, कर्ज तेच, उद्या रविवार आहेच. तुमचं नोव्हेंबरचं तिकीट रद्द करू नका असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, तेही कळत नाही. पण आलात तर मला हवं आहे.

पत्र मिळाल्यावर आधी निनादला फोन करा. त्याला रागावू नका, तो नीट जेवत नाही. मला नंतर केलात तरी चालेल. माझी आई गेली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आता मला अहो-जाहो नको करूस." मला ते कधी जमलं नाही. निनादपासून वेगळं व्हायचं ठरलं त्या दिवशी मी रडले नव्हते. हे लिहिताना मात्र अक्षर पुसट होतंय, सांभाळून घ्या.

तुम्ही ठेवाल त्या नात्याने तुमची,
मयूरा