मधल्या चौकोनातली चौथी

रवि., २९ सप्टें.

हरलो. ४७–१२. ‘हरलो’ म्हणायला माझा काय संबंध? या खेळाचे नियम मला आज सकाळी इथे जपानात, लेकीच्या उरायासुच्या घरून निघाल्यावर ट्रेनमध्ये कळले. पण रक्त उसळलंय ते उसळलंयच.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल. नदीकाठचं मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब, लांबोडका बॉल. हातात घेऊन पळा, लाथ मारा, मुठीने ठोसून मैत्रिणीकडे द्या, समोरचीला मिठी मारून पाडा. माझी छत्तीस वर्षांची इंजिनियर मुलगी चिखलात लोळत होती, आणि हे गेल्यापासून मला इतकी मजा आली नव्हती.

मधल्या फळीचा मात्र नुसता सावळागोंधळ. मैदानाच्या मध्यावर एक चौकोन आखलेला. त्यात दोन्ही टीमच्या चार-चार जणी. अंपायर बॉल वर फेकते, आमची उंच केट (ऑस्ट्रेलियन, इथे इंग्रजी शिकवते) उडी मारून तो खाली टोलवते, आणि उरलेल्या तिघी, म्हणजे कॅप्टन इशिदा-सान, माझी लेक गौरी आणि सगळ्यांत धाकटी मोरी-सान, एकदमच त्याच्यावर पडतात. ढीग होतो. ढिगातून बॉल निसटला की मागे चिटपाखरू नाही. समोरची टीम मोकळ्या रस्त्याने थेट गोलपर्यंत. हे नऊ वेळा झालं. मी मोजलं.

शाळेत मी हॉकीत सेंटर-हाफ होते. राहवलं नाही. ‘अगं, एक तरी मागे थांबा गं,’ असं ओरडले. बाकावरच्या सगळ्या बायांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि अदबीने मान लववली.

मंगळ., १ ऑक्टो.

गौ.ला विचारलं, तिघी कशाला घुसता ढिगात. म्हणाली, ‘आई, कॅप्टन वाकून धडपडतेय आणि मी बाजूला उभी, हे इथे बरं दिसत नाही.’ ऑफिसातही तेच. साहेब बसलाय तोवर कोणी उठायचं नाही, काम असो वा नसो. म्हणजे मॅच गेली तरी चालेल, कोणी आळशी दिसता कामा नये. धन्य आहे.

मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली एकोणीस वर्षं शाळेचं टाइमटेबल लावलं. दोन उत्तम बाई एकाच तासाला एकाच वर्गात घातल्या की शेजारचा वर्ग बोंबलतो. इथेही दुसरं काही नाही.

जेवणाच्या टेबलावर कडधान्यं मांडली. केट राजमा. इ.सान आणि गौ. हरभरे. मोरी मूग. एकीने टोलवायचा, एकीने ढिगात घुसून काढायचा, एकीने बाहेर मोकळं राहून पळायचं. आणि चौथीने मागे थांबायचं. थांबणं हे काम आहे, हे या देशाला कोण सांगणार?

महिनाअखेर गौ. नागोयाला चालली. जावई सुमेध एप्रिलपासून तिथे आहे, गाड्यांच्या कंपनीत. मी आलेय ती खोकी भरायला. तिची इथली शेवटची मॅच २७ ला, रविवारी हरलो त्याच टीमशी. दोन वर्षं बाकावर आणि कोपऱ्यात काढून ती यंदा कुठे मधल्या चौकोनात आली. ‘ऑफिसात स्लाइड्स मी करते, मीटिंगमध्ये बोलतो दुसराच. ही एकच जागा आहे जिथे मी मध्ये असते.’ हे तिने भांडी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

२७ ला ती मध्ये असणार. आणि जिंकणार. ठरलं.

रवि., ६ ऑक्टो.

प्रॅक्टिस. वही घेऊन गेले. रकाने आखले: बॉल कोणी काढला, कोणाकडे दिला, कुठे सांडला.

इ.सानचा मला भयंकर राग येतोय. वय एकोणपन्नास, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, चण एवढीशी. प्रत्येक बॉलवर आपणच. दोनदा तर गौ.च्या हातातून ओढला. विश्रांतीत गौ.ला म्हटलं, सांग तिला. मी सात वाक्यं बोलले, गौ.ने जपानीत दीड केलं. इ.सानने वाकून आभार मानले. कशाचे?

मग कोणी तरी विचारलं, तुमच्या आई काय करायच्या. गौ. म्हणाली, शिक्षिका होत्या. झालं. सगळ्या ताठ उभ्या. आता मी ‘सेन्सेई’. बसायला खुर्ची आली, गुडघ्यांवर शाल आली, कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, गरम चहाची बाटली आली. पुण्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनी मला लांबून बघून फुटपाथ बदलतात.

बुध., ९ ऑक्टो.

गौ. ऑफिसला जायच्या आधी वही काढून बसले. बेरीज तीनदा केली. गणिताची बाई बेरीज तीनदा करते ती उत्तर आवडलं नाही म्हणून.

ढिगातून काढलेले बॉल: इ.सान चौदा, गौ. अकरा. दोघी एकाच जातीच्या. एकत्र आत घुसल्या की एकमेकींच्याच हातातलं काढतात. आणि ते जे ‘ओढले’ म्हणून मी परवा तणतणले, त्यातला एक बॉल मुळात इ.साननेच पकडला होता. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय.

मोरीचे पाय वाऱ्यासारखे, तिने बाहेर पळावं. म्हणजे दोन हरभऱ्यांतला एक मागे गेला पाहिजे. मागे कोण हवी? जिला पुढचं आधी दिसतं आणि जिची लाथ लांब जाते. इ.सानची लाथ ओट्यापासून हॉलपर्यंत. गौ.ची नदीपलीकडे.

गौ.ने बूट घालताना विचारलं, ‘काय निघालं?’ म्हटलं, आकडे अजून कमी आहेत. खोटं बोलले.

दहावीत सिस्टर बेनेडिक्टांनी मला इंटरस्कूलच्या फायनलला सेंटर-हाफवरून काढलं आणि फुलबॅकला उभं केलं. ‘तुला जास्त दिसतं, म्हणून तू मागे.’ आम्ही जिंकलो. मी सिस्टरांशी वर्षभर बोलले नाही. परीक्षेचा पेपर घेतानासुद्धा थँक्यू म्हटलं नाही. पंचावन्न वर्षं तो राग मी नीट सांभाळलाय. आता त्याचं काय करू?

रवि., १३ ऑक्टो.

आजचं आधी लिहून टाकते.

प्रॅक्टिस संपल्यावर इ.सान आली. हातात तिची वही, माझ्याहून व्यवस्थित, रंगीत पेन्सिलींनी. माझ्यासमोर गवतावर गुडघे टेकून बसली. बोलली, गौ.ने सांगितलं: तिच्याही लक्षात आलंय की आत दोघी एकसारख्या आहेत. एकीने मागे जायला हवं. सेन्सेईंची मुलगी आहे, शिवाय तिची शेवटची मॅच आहे. म्हणून २७ ला आपण मागे थांबू. सेन्सेईंना चालेल का?

चालेल का! दोन आठवडे मी हेच मागत होते. बाई ते ताटात वाढून घेऊन आली होती. नुसतं ‘हाय’ म्हणायचं, या लोकांचं ‘हो’. एवढं जपानी मला येतं.

म्हणवलं नाही. खिशातून कडधान्यांची पिशवी काढली (हो, मी ती बरोबर नेते). तिच्या वहीवर मांडून दाखवलं. मग मराठीत म्हटलं, ‘इशिदा-सान आत. मोरी बाहेर. मागे गौरी.’

गौ.ने दोन सारख्या हरभऱ्यांकडे बघितलं.

माझं बोलणं तिच्याशिवाय कोणाला कळणार? तिने काहीही सांगितलं असतं तरी मला पत्ता लागला नसता. एरवी सातची दीड करते. नदीवरून ट्रेन गेली, पूर्ण गेली. मग तिने सांगितलं. शब्दाला शब्द, कारण इ.सानने हरभरा उचलून मागे ठेवला आणि गौ.समोर एवढी खाली वाकली की कपाळ गवताला लागलं.

घरी येताना गौ. डब्यात दुसऱ्या टोकाला उभी राहिली. माझ्या शेजारी सीट रिकामी होती.

मंगळ., १५ ऑक्टो.

बोलत नाही. म्हणजे बोलते, ‘आज जळणारा कचरा’, ‘गीझर बंद कर’. सकाळी पिशवीला गाठ मारता मारता म्हणाली, ‘ऑफिसात सगळे मला मागे उभं करतात. आता तूही.’

उत्तर तयार होतं. वही होती, आकडे होते. दिलं नाही. तिच्या जागी मी असते तर वही फाडली असती.

खोकी सहा भरली. पुस्तकं, जाड भांडी, सुमेधचे हिवाळी कोट.

रवि., २० ऑक्टो.

चालतंय. चालतंय, चालतंय.

आपापसात दोन टीम करून खेळल्या. पहिली दहा मिनिटं घाण. मोरी सवयीने ढिगात घुसली, मी शाल टाकून ओरडले, ती दचकून बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली, अपराध्यासारखी. तेवढ्यात केटने टोलवला, इ.सानने काढला, मुठीने बाहेर ठोसला, आणि मोरी नुसती सुटली. कोणी हातही लावू शकलं नाही. गोल. मोरीचा चेहरा बघण्यासारखा होता. काम न करता बक्षीस मिळाल्यासारखा.

गौ. मागे. हात कमरेवर, तोंड कडू. पण ढिगातून तीनदा बॉल निसटला आणि तीनदा तो तिच्या हातात गेला. तिसऱ्या वेळी मान वर करून तिने अशी लांब लाथ घातली की बाकावरच्या बाया उभ्याच राहिल्या. मीही. गुडघा दुखतोय आता.

गौ.ने माझ्याकडे बघितलं नाही. मी बघते का, हे मात्र बघितलं.

शुक्र., २५ ऑक्टो.

तेरावं खोकं. तिने टेप लावली, मी कात्री धरली. मध्येच विचारलं, ‘फायनलला फुलबॅकला उभी होतीस ना तू? तिथून काय बघायचीस?’

कोणी कधी विचारलंच नव्हतं हे. आठवायला लागले तर सगळं आलं. समोरच्या सेंटर-फॉरवर्डची डावी वेणी सुटलेली होती, ती वळायच्या आधी वेणी हलायची. त्यावरून मला तिची दिशा कळायची. अख्खा सामना मी ती वेणी वाचली. पुढून ती दिसलीच नसती.

‘मग राग कसला?’ गौ. म्हणाली.

‘मला विचारलं नाही. नुसतं उभं केलं.’

ती टेप दाताने तोडत म्हणाली, ‘तू मला विचारलंस?’

नाही विचारलं. मी लेबल लिहायला घेतलं. चुकीचं लिहिलं, भांड्यांच्या खोक्यावर ‘उशा’.

रवि., २७ ऑक्टो. (मैदानावर, खुर्चीत, वही मांडीवर)

पहिला क्वार्टर ६–१३. सुरुवातीला सगळ्या बावरलेल्या. मोरी दोनदा ढिगात. एकदा मी ओरडले, एकदा केट.

दुसरा २०–१९. पुढे आहोत. इ.सान म्हणजे काय बाई आहे. नाकातून रक्त, कापूस कोंबून परत आत. तिच्याबद्दल मी जे जे लिहिलं ते परत घेते. गौ.ने मागून दोन गोल वाचवले. समोरची टीम चिडलीय, तिच्याकडे बॉल जाऊच देत नाहीत. ही पावतीच आहे.

तिसरा २७–२९. दोनने मागे. बाटलीतला चहा सांडला. एक गोल म्हणजे सहा. फक्त एक.

आता शेवटची विश्रांती. भराभर लिहितेय.

इ.सान आली, गौ. तिच्यामागे. इ.सान बोलली, गौ.ने सपाट आवाजात सांगितलं: ‘म्हणतायत, पाय दमले. शेवटचा क्वार्टर मी आत जावं, त्या मागे थांबतील.’

पाय दमलेले नाहीत. ती उभ्या उभ्या उड्या मारतेय. ही निरोपाची भेट आहे, इथल्या पद्धतीने बांधून दिलेली. गौ.ला कळतंय. मला कळतंय. दोघी माझ्याकडे बघतायत.

मी वही मिटली. एवढंच म्हटलं, ‘गौरी, तुला काय वाटतं?’

ती आता माझ्याकडे बघत नव्हती. पलीकडे बघत होती. ‘त्यांची नऊ नंबर,’ म्हणाली, ‘पळायच्या आधी डावा मोजा वर ओढते. प्रत्येक वेळी. बघितलंस?’

मी नव्हतं बघितलं. दोन तास इथे बसलेय.

मग ती इ.सानला जपानीत काही तरी म्हणाली. लांबलचक. इ.सान आधी हसली, मग डोळे पुसले, मग नाकातला कापूस नीट केला आणि चौकोनात गेली. काय बोलली ते गौ.ने मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, ‘नंतर.’

गौ. मागे जाऊन उभी राहिलीय. मी दाखवलेल्या जागेपासून दोन पावलं पुढे आणि जरा डावीकडे. कार्टी. वहीत असं नाही.

थांब. नऊ नंबर दर वेळी गौ.च्या डावीकडूनच आलीय. तिथूनच अडवता येईल.

अंपायर मध्ये आली. नऊ नंबर वाकतेय, हात मोज्याकडे. गौ.ने एक पाय उचलला.

बॉल वर गेला.